लांब दाण्यांची बाजू

बुटाची नाडी सुटली म्हणून ती वाकली, आणि पाठीमागून ताईच्या बॅटचा आवाज आला. थप, थप, थप, आणि मध्येच एक टक. आवाज इतका ओळखीचा होता की तिला आधी नवल वाटलंच नाही. ताई सराव करतेय, एवढंच मनात आलं; घरात शिरताना आतून भांडी वाजली की आई ओट्यापाशी आहे हे आपण न बघता धरून चालतो, तसं. नाडीची एक गाठ मारून झाली, दुसरी मारायची होती, तेव्हा कुठे आठवलं की ताईला जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की आज ती असती तर किती वर्षांची असती, हा हिशेबही आता घरात कुणी करत नाही. बोटं नाडीवर तशीच राहिली. मागे वळायला तिला वेळ लागला. तळघरातल्या त्या लांबट खोलीत, हिरव्या टेबलाच्या पलीकडे, तिचा नवरा उभा होता. अलीकडून मिस्त्री त्याला एकेक बॉल हलक्या हातानं देत होता, आणि नवरा नुसती बॅट धरून होता. तोंड किंचित उघडं, उजवा पाय जरा मागे राहिलेला. बॉल येत होता, बॅटच्या काळ्या बाजूला लागत होता, परत जात होता. "काय झालं?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "काही नाही. नाडी."

हे तळघर इस्पितळाचं. ती वरच्या मजल्यावर कान तपासायच्या विभागात होती, आणि कर्मचाऱ्यांच्या विरंगुळ्यासाठी म्हणून खाली हे एक टेबल कुणीतरी कधीतरी आणून टाकलं होतं. एका भिंतीला मोडक्या खाटा एकीवर एक रचलेल्या, दुसरीकडे सलाईनचे गंजलेले दांडे, मध्ये टेबल. नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचा. रस्त्याखालून कुठली नळी कुठे वळते, कुठे दुसरीला मिळते, हे कागदावर दाखवायचं काम. कचेरीत संगणक आले तरी कच्चा नकाशा तो हातानंच काढी. पट्टी न लावता मारलेली त्याची रेघ पट्टी लावून तपासावी असं नव्या पोरांना वाटे, आणि तपासली की ती गप्प बसत. एका सकाळी दाढी करता करता वस्तरा हातातून गळून पडला. "पक्षाघाताचा सौम्य झटका आहे," डॉक्टर म्हणाले. सौम्य हा डॉक्टरांचा शब्द. घरी आलेल्या माणसाला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, तो खुर्चीला दार म्हणत होता, आणि पेन्सिल धरली की कागदावर जे उमटे ते बघून स्वतःच कागद उलटा करून ठेवत होता. बोलणं बरंचसं परत आलं. हात येईना. तेव्हा व्यायाम घेणारी फिजिओ म्हणाली, "मॅडम, तुम्ही खाली टेबल टेनिस खेळता ना? त्यांना न्या की. बॉलच्या मागे हात आपोआप जातो, सांगावं लागत नाही."

बॅट मिस्त्रीनं करून दिली. मिस्त्री म्हणजे इस्पितळाचा निवृत्त वीजमिस्त्री. निवृत्त झाला तरी घरी सुनेशी पटत नसल्यामुळे तळघरात मुक्काम ठोकून होता, आणि सगळ्यांच्या बॅटींना रबर चिकटवून देणं हे त्यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. टेबलावर त्यानं तीन रबरं मांडली. "साहेब, हे गुळगुळीत. हे बॉलला धरतं. तुम्ही हात फिरवाल तसा बॉल फिरतो. पण समोरच्यानं फिरवून दिला तर तेही ह्याला लगेच लागतं, बॉल थेट छताला. तुमचा हात आत्ता तेवढा चपळ नाही. हे दुसरं आखूड दाण्यांचं. दाणे बुटके आणि जाड, वाकतबिकत नाहीत. फटकेबाज लोकांचं काम. आणि हे लांब दाण्यांचं. बोट फिरवा बघू." नवऱ्यानं डाव्या हाताचं बोट फिरवलं. दाणे गवतासारखे आडवे झाले, बोट गेल्यावर पुन्हा उभे राहिले. "ह्याच्याखाली स्पंज घातला की लांब उभं राहून बॉल खालून कापायला बरं पडतं. तुम्हाला आपण बिनस्पंजाचं लावू. टेबलाला चिकटून उभं राहायचं, बॅट आडवी धरायची, बास. बॉल दाण्यांवर घसरतो, दाणे लवतात, त्याची फिरकी काही मोडत नाहीत. वरून फिरत आलेला बॉल परत जातो तो तीच फिरकी घेऊन, म्हणजे समोरच्याला ती उलटी. खालून कापून दिला तर ती फिरकी वरची होऊन परत. तुम्ही काही करायचंच नाही. जे करतो ते तिकडचाच करतो." "म्हणजे आळशी माणसाचं रबर," नवरा म्हणाला. आजारपणानंतरचा तो त्याचा पहिला विनोद. मिस्त्रीनं एका बाजूला लाल गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला काळं लांब दाण्यांचं रबर लावलं. ती नुसती हसली. आपली ताई ह्याच रबरानं खेळायची, एवढं सांगायला एखादं वाक्य पुरलं असतं. पण लग्न ठरण्याच्याही आधी ताई गेली, नवऱ्यानं तिचा फक्त भिंतीवरचा फोटो पाहिलेला, आणि जे इतक्या वर्षांत सांगितलं नाही ते मिस्त्रीसमोर कशाला.

ताई बोलायची कमी. तिला काही विचारलं तर ती "तुला काय वाटतं?" म्हणून मोकळी व्हायची, आणि मग धाकटीलाच आपण काय विचारलं त्याचं उत्तर देत बसावं लागे. दोघी एका खोलीत झोपत, एकच कंगवा वापरत, आणि संध्याकाळी जवळच्या कारखान्याच्या हॉलमध्ये एकमेकींविरुद्ध खेळत. त्या काळी बॅटच्या दोन्ही बाजू एकाच रंगाच्या चालत. ताईच्या दोन्ही काळ्या. सर्व्हिसच्या आधी ती बॅट टेबलाखाली नेई, बोटांत गरकन फिरवी, आणि बॉलला कुठल्या बाजूनं लागलंय हे डोळ्यांना कळत नसे. कानांना कळे. गुळगुळीत रबराचा आवाज भरीव, जवळचा. लांब दाण्यांचा थप असा, जरा उशिरा आल्यासारखा. हे धाकटीच्या लक्षात आलं, आणि तिच्या लक्षात आलंय हे ताईच्याही. तेव्हापासून सर्व्हिस करताना ताई उजवा पाय जमिनीवर आपटू लागली, आवाज झाकायला. तरी एक गोष्ट तिला झाकता आली नाही. तिच्या रबराचे एका कोपऱ्यातले काही दाणे मुळाशी तुटून गेले होते, तिथे बोटाएवढं टक्कल पडलं होतं, आणि बॉल नेमका तिथे लागला की थपच्या जागी टक होई. दुसरं रबर घ्यायची ऐपत नव्हती आणि पंच नजरेआड करत. धाकटी जीव तोडून फटके मारायची. जितका जोरात फिरवावा तितका बॉल जड होऊन परत यायचा आणि तिच्या बॅटवरून जाळीत पडायचा. जाळीपाशी वाकून बॉल उचलताना ती वर बघे, तर ताईच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूणही नसे. एक दिवस खेळता खेळता ताईनं बॅट टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "छोटे, हात दुखतोय गं." रक्ताचा आजार होता. बॅटचं पुढे काय झालं कुणालाच ठाऊक नाही.

तळघरात तो टक ऐकला त्या रात्री जेवणं झाल्यावर तिनं नवऱ्याची बॅट दिव्याखाली धरली आणि डोक्यातल्या उवा बघाव्यात तसे एकेक दाणे बोटानं बाजूला करून पाहिले. सगळे शाबूत होते. नवं कोरं रबर, कोपरे धारदार, वास अजून दुकानाचा. दुसऱ्या दिवशी तिनं मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "हवा राहिली असेल एखाद्या ठिकाणी, चिकटवताना. आवाज बदलतो." हे अगदी पटण्यासारखं होतं, आणि तिला ते पटलं. मग ती वर आपल्या खोलीत गेली. तिच्या तपासणीच्या खोलीत आत आणखी एक खोली आहे, जाड दाराची, काचेची एक खिडकी असलेली. तिच्या भिंतींना टोकंटोकं असलेला राखी स्पंज लावलेला, म्हणजे बोललेला शब्द भिंतीवरून परत येत नाही. रोग्यानं आत बसायचं, कानांवर फोन घालायचे, बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर तिच्या यंत्रावर दिवा लागतो. त्या दिवशी आत एक म्हातारी होती. शांत बसून ती मधूनमधून बटण दाबत होती, आणि यंत्रातून आवाज दिलेलाच नसताना दिवा लागत होता. असं पुष्कळांचं होतं. वाट बघणाऱ्या कानाला काहीतरी ऐकू येतंच, हे तिनं आजवर किती जणांना समजावलं असेल. दार उघडून ती म्हणाली, "आजी, मी आवाज दिला नव्हता हो आत्ता." म्हातारीनं कानावरचे फोन काढले आणि साधेपणानं विचारलं, "मग कुणी दिला?"

संध्याकाळी मिस्त्रीला बाजूला करून नवऱ्यासमोर ती स्वतः उभी राहिली. आधी अलगद बॉल दिले. मग थोडा वरून फिरवून एक दिला. तो थप करून खाली बसत परत आला आणि तिच्या बॅटवरून जाळीत गेला. तिच्या मनगटात, कोपरात, खांद्यापर्यंत काहीतरी जागं झालं. त्या जडपणाचं वजन तिला ठाऊक होतं. तिनं आणखी जोरात मारला. नवरा हलला नाही; बॅट मात्र बॉल यायच्या जागी आधीच होती. सर्व्हिस करायची त्याची पाळी आली तेव्हा त्याचा जड उजवा पाय जमिनीवर धप्प पडला, आणि बॅट टेबलाखाली गेली, आणि वर आली तेव्हा तिची बाजू बदललेली होती. ह्याच हाताच्या बोटांना सकाळी शर्टाचं बटण सापडलं नव्हतं. "कशी फिरवलीत?" तिनं विचारलं. त्यानं बॅटकडे बघितलं. "कुठे काय? मी काही करत नाही. मिस्त्री म्हणालाय ना, काही करायचं नाही."

मग रोज संध्याकाळी ती दोघं खाली जाऊ लागली. काम संपायच्या आधीपासूनच तिचं लक्ष घड्याळाकडे लागे. लिफ्टमध्ये नवऱ्याचा दंड धरून ती उभी राही, आणि लिफ्ट खाली जाताना पोटात जो गोळा येतो तो आता तिला हवासा वाटू लागला होता. तळघरात शिरलं की खाटांचा आणि फिनेलचा वास, नळीच्या दिव्याची घरघर, आणि मग तो आवाज. खेळताना ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळी. काळ्या बाजूकडे बघायची. तिनं कापून दिलेला बॉल तरंगत वर यायचा, जणू कुणी तिला म्हणतंय, घे, मार. आणि मारला की पुन्हा जड होऊन पायाशी. कुठे देऊ, डावीकडे की उजवीकडे, हे ती मनात विचारी, आणि तिच्या मनातली जागा पलीकडे आधीच ठाऊक झालेली असे. अशी एखादी लांब रॅली चालली की तळघर नाहीसं व्हायचं. कारखान्याच्या हॉलच्या उंच खिडक्या, त्यांतून येणारा तिरपा उजेड, ताईच्या वेणीचं टोक, सगळं बॉलच्या येण्याजाण्यात असायचं. बॉल जमिनीवर पडला की विझायचं. म्हणून ती बॉल पडू देत नसे. नवरा दमायचा, घामानं शर्ट पाठीला चिकटायचा, आणि ती म्हणायची, "अजून एक." घरी येताना दोघं फारशी बोलत नसत. दुकानाच्या काचेत दोघांची प्रतिबिंबं शेजारून जात. त्या काचेत आणखी कुणी आहे का हे आपण बघतोय, हे तिला एकदा कळलं, आणि तिनं त्याच्याशी उगीचच भाजीच्या भावाबद्दल बोलायला सुरुवात केली.

फिजिओनं तिला जिन्यात गाठलं. "मॅडम, रागावू नका, पण साहेबांचा हात पुढे सरकत नाहीये. मी परवा खाली येऊन बघितलं. ते त्या काळ्या बाजूनंच खेळतात. बॉल परत जातो, पण हात काही करतच नाही. आता लाल बाजूनं खेळवा त्यांना. बॉल बाहेर जाऊ दे, छताला लागू दे, पण मनगट फिरलं पाहिजे. हे दिवस गेले की मग फार कठीण होतं." "बरं," ती म्हणाली. "सांगाल ना?" "सांगते ना." आणि तिनं सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. रोज सांगायचं असायचं. लिफ्टमध्ये सांगू, बॅट हातात घ्यायच्या आधी सांगू, आजचा एक खेळ होऊ दे, मग सांगू. घरी टेबलावर उलटा ठेवलेला कागद असायचा. एकदा नवरा घरात नसताना तिनं तो सुलटा करून पाहिला. एक रेघ, निघाली तिथून जरा पुढे जाऊन थरथरत खाली उतरलेली, आणि तिच्याखाली तशीच दुसरी, आणि तिसरी. तिनं कागद पुन्हा होता तसा ठेवला. आपण काय करतो आहोत हे तिला नीट कळत होतं. कळत होतं, आणि संध्याकाळची वाट बघणं थांबत नव्हतं.

एका सकाळी ती त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. खिडकीतून ऊन आलेलं, गॅसवर दूध. तो तिच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे बघत होता, तिथे ताईचा फोटो होता, पण त्याची नजर फोटोवर होती असंही नाही. तो म्हणाला, "अगं, तुला एक विचारू?"

"विचारा की."

"खाली तू कुणाशी खेळतेस?"

तिची बोटं तिसऱ्या बटणावर थांबली. "कुणाशी म्हणजे? तुमच्याशी."

"घरी तू मला अहो म्हणतेस. इतकी वर्षं म्हणतेस. खाली म्हणत नाहीस." शब्द जुळवायला त्याला वेळ लागत होता, प्रत्येक शब्द तो हाताळून मग ठेवत होता. "आधी वाटलं, खेळाच्या भरात मला अरे-तुरे करत असशील. चालायचंच. पण काल तू म्हणालीस, सर्व्हिस घेतेस का."

तिनं तिसरं बटण काजात सरकवलं.

"घेतेस का, म्हणालीस. मग म्हणालीस, दमलीस का."

"चुकून गेलं असेल तोंडातून."

"असेल," तो म्हणाला. "माझ्याही तोंडातून काहीबाही जातं. खुर्चीला दार म्हणणारा माणूस मी." तो थोडा हसला, आणि हसू तोंडाच्या एकाच बाजूला राहिलं. "पण तू ऐकलं नाहीस का, मी काय म्हणालो ते?"

"काय म्हणालात?"

"नाही दमले, म्हणालो." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "दमले. मी म्हणालो. मला माझाच आवाज ऐकू आला. तुझी मान खाली होती, तू बॉल उचलत होतीस, आणि तू हसलीस. किती दिवसांनी अशी हसलीस. म्हणून मी काही बोललो नाही. पण रात्रभर डोळा लागला नाही गं मला. मी घाबरलोय. हात जाईल, चालेल. नकाशे काय, पोरं काढतील. पण मी इथे असताना माझ्या जागी कुणी उभं राहिलं, आणि तुला ते बरं वाटलं, तर मी जायचं कुठे?"

दूध उतू गेलं. वास घरभर झाला तरी दोघंही जागची हलली नाहीत. तिनं राहिलेली बटणं लावली, वरचं बटण लावताना तिच्या बोटांना त्याच्या गळ्यावरची नाडी लागली, जोरात उडणारी. मग तिनं त्याला सगळं सांगितलं. ताईचं, टक्कल पडलेल्या रबराचं, पाय आपटण्याचं, आणि फिजिओ जिन्यात काय म्हणाली तेही. हे शेवटचं सांगताना तिचा आवाज खाली गेला. त्यानं ऐकून घेतलं. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "मग आज ते काढून टाकू या."

मिस्त्रीनं कोपऱ्यात नख घालून काळं रबर उचललं. बॅट त्यानं गुडघ्यावर धरली होती. रबर सोलल्यासारखं, एकसंध, चुरचुर करत निघून आलं, आणि खालचं लाकूड उघडं पडलं. त्यानं लाकडावरून तळवा फिरवला, रबराची मागची बाजू दिव्याकडे धरली, पुन्हा तळवा फिरवला. "हवा नव्हती हो कुठे," तो म्हणाला. "डिंक अगदी सारखा बसलाय." तिनं मान हलवली. "हे ठेवू का बाजूला? नवंच आहे अजून." ती काही म्हणायच्या आत नवरा म्हणाला, "ठेवा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल." मिस्त्रीनं रबराची गुंडाळी केली, दाणे आत घेऊन, आणि खिशात टाकली. काळं गुळगुळीत रबर कापून, चिकटवून, त्यावरून लाटणं फिरवावं तशी बाटली फिरवून त्यानं बॅट दिली. "घ्या साहेब. आता दोन्हीकडून तुम्हीच."

पहिला बॉल छताला लागला. दुसरा खाटांवर गेला. नवरा बॅटकडे बघत म्हणाला, "अगं, हे धरून ठेवतंय बॉलला. ओढल्यासारखं वाटतं हातात." "फिरवा मनगट," ती म्हणाली, "अहो, फिरवा." तो फिरवायला जायचा आणि हात निम्म्यावर अडायचा, खांद्यापासून सगळं अंग त्या हातामागे वळायचं, तोंड वाकडं व्हायचं, बॉल भलतीकडेच. तिच्यासमोर एक घामाघूम झालेला, पोट सुटलेला, नवशिका माणूस उभा होता, आणि तो तिचा नवरा होता. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे बघत बॉल दिले, एकामागून एक, सोपे. आवाज आता भरीव होता, जवळचा. त्यात दुसरा कुठलाच आवाज नव्हता. ती ऐकत होती, आणि नव्हता. तिनं पुढचा बॉल दिला. मग एकदा, का कुणास ठाऊक, त्याचं मनगट वळलं. बॉल खरोखर फिरला, टेबलाच्या कडेवर उडाला, तिच्या बॅटला चुकवून मागे गेला. नवरा आपल्या हाताकडे बघतच राहिला. मिस्त्री कोपऱ्यातून म्हणाला, "हां, आता कसं."

बॉल रचलेल्या खाटांखाली गेला होता. ती गुडघ्यांवर बसली आणि वाकून आत बघितलं. लोखंडी पायांच्या मागे पाय, त्यांच्या मागे अंधार, आणि त्याच्यापलीकडे भिंत असणार. बॉल दिसत नव्हता. तिनं हात आत घातला, खांद्यापर्यंत, आणि फरशीवर तळवा उताणा ठेवून थांबली. आत थंड होतं. मागे नवरा आणि मिस्त्री काहीतरी बोलत होते, पण ते फार लांबून आल्यासारखं वाटत होतं. मग अंधारातून, भिंतीच्या बाजूनं, बॉल घरंगळत आला. घाई नसल्यासारखा, खाटांच्या पायांमधून वाट काढत, सरळ तिच्या तळहातात. अजून फिरत होता. तिनं बोटं मिटली नाहीत. तळहातावर ती इवलीशी गिरकी जाणवत होती, कमी कमी होत जाणारी.

"सापडला का गं?" नवऱ्यानं विचारलं.

बॉल पुरता थांबेपर्यंत ती तशीच राहिली. मग म्हणाली, "हो. आले."